कोळशाची फुली मारलेली सहा अंडी

थांबा, हे आत्ताच लिहून टाकते, नाहीतर माझ्या पोटात राहायचं नाही.

२०१० साल. मी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला होते, पिरंगुटहून बसने कॉलेजला जायचे. प्रोजेक्ट होता कोल्ड प्लाझ्मा. म्हणजे हवेतून वीज सोडायची, जांभळट उजेड पडतो, त्याखाली अंडं धरायचं. कवचावरचे जंतू मरतात पण अंडं शिजत नाही, गरमसुद्धा होत नाही. सरांना दुकानातली स्वच्छ अंडी नको होती, घरची मळकी हवी होती. मग काय, सकाळी घाईत काकीच्या पाटीतली सहा उचलली, डब्यात पेंढा घातला, निघाले.

सहाही अंडी उजेडाखालून काढून झाल्यावर मैत्रीण म्हणाली, "यावर काळी फुली कसली गं?"

मी अंडं उलटून पाहिलं. उबवायला ठेवायच्या अंड्यांवर काकी कोळशाने फुली मारते, चुकून कुणी पोळी करून खाऊ नये म्हणून. साथीत तिच्या सगळ्या कोंबड्या गेलेल्या, एकच कोंबडी उरलेली. आणि तिची ही अंडी.

संध्याकाळी डबा काकीपुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

"शिजवलीस व्हय?"

"नाही काकी, ती वीज गार असते."

"गार वीज. बरं. मग आता यातनं पिल्लं निघत्यात का बल्ब?"

तरी तिने ती कोंबडीखाली ठेवली. "न्हाई निघाली तर पुढच्या खेपेला तूच बस अंड्यांवर," म्हणाली.

लॅबमध्ये, उजेडानंतर अंड्यांच्या कवचावरून बोळा फिरवून लावलेल्या प्लेटवर जंतू अगदी तुरळक उगवले. सर खूश. मी मात्र दिवस मोजत होते. रोज सकाळी पाटीपाशी, आणि काकी गप्प.

एकविसाव्या दिवशी पेंढ्यातून बारीक चिवचिव आली. संध्याकाळपर्यंत पाच पिल्लं. एक अंडं वाया गेलं, पण पाच. मी तिथेच जमिनीवर बसले, इतकं हलकं वाटलं.

काकी म्हणाली, "मला आठव्या दिवशीच कळलं हुतं. बॅटरीचा उजेड लावला, आत लाल शिरा दिसल्या."

"मग सांगितलं का नाही?"

"न विचारता नेलीस न्हवं? म्हटलं, जरा भिऊ दे."

आता तुम्ही सांगा, कुणी जपून ठेवलेलं असं न विचारता उचललंय का कधी? आणि ते धडधाकट परत मिळालं का?