चर्चचा भोंगा आणि रूथबाईंचा आवाज

माझी बायको माझ्या तोंडाकडं बघून ओळखायची, आज दुकानात कोणाशी वाजलं ते. तिलाही मी ही गोष्ट कधी कळू दिली नाही. ती गेली, आता घरात विचारणारं कोणी उरलं नाही — म्हणून जीभ सुटली असेल. ऐका. फक्त मधेच माझी बाजू घेऊ नका, म्हणजे झालं.

निजामाचं राज्य होतं तेव्हाचं सांगतो. हिंगोलीत माझं ग्रामोफोन दुरुस्तीचं दुकान होतं. जोडीला एक भोंगा, एक माईक आणि मोटारीच्या बॅटरीवर चालणारं, आवाज मोठा करायचं मशीन. एवढ्यावर मी लग्नात, उरुसात मिरवायचो. कळमनुरीपासून आखाडा बाळापूरपर्यंत लोक मला 'मास्तर' म्हणत. मास्तर! येत काय होतं, तर तार कुठं जोडायची अन् बटण कुठं फिरवायचं.

गावाबाहेर एक दगडी चर्च होतं. छत उंच, भिंती बोडक्या. आत कोणी खोकलं तरी तो खोकला सगळीकडं फिरून परत यायचा. तिथं रूथबाई भजनं सांगायच्या — पन्नाशीच्या, आठवडाभर दुसऱ्याच्या शेतात खुरपणाऱ्या बाई. एक ओळ म्हणायच्या अन् थांबायच्या. काहून? तर भिंतींचं बोलणं संपू द्यायच्या, मग पुढची ओळ घ्यायच्या. वीस वर्षं गाऊन त्यांना त्या जागेची नाडी सापडली होती. आठवडाभर कोणी त्यांना बाई म्हणत नसे, अगं-तुगंच चालायचं. रविवारी मात्र त्यांनी तोंड उघडल्याशिवाय उपासना सुरू होत नसे.

नाताळाला खेड्यापाड्यांतून माणसं येणार, मागच्यांना उपदेश ऐकू जात नाही, म्हणून चर्चच्या पाळकसाहेबांनी मला आठ दिवस आधी बोलावलं. मी भोंगा कुठं बांधावा? माईकच्या मागं, उंच, समोरच्या बोडक्या भिंतीकडं तोंड करून. झोकात दिसतो म्हणून! रूथबाई माईकपुढं उभ्या राहिल्या. पहिली ओळ संपायच्या आत भोंग्यातून अशी शिट्टी सुटली, की तालमीला जमलेल्या बायकांनी कानात बोटं घातली. ओळीवर ओळ चढली, नुसती खरखर. सगळे माझ्याकडं बघू लागले.

मला कारण कळेना. आता 'कळेना' म्हणायला काय जात होतं? जीभ झडली असती का? पण नाही. मी घाम पुसला आणि तोंड वर करून म्हणालो — "आवाज फाटतोय."

हा आमच्या धंद्यातला शब्द. बटण जास्त फिरवलं की भोंग्याचा आवाज फाटतो. दोष मशीनचा, नाहीतर मशीनवाल्याचा. पण माणसाचाही आवाज फाटतोच की. पाळकसाहेबांनी हळूच रूथबाईंकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आणि मी — मी तो शब्द तसाच त्यांच्या अंगावर पडू दिला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. रूथबाईंनी पदर सावरला आणि कोणी सांगायच्या आत स्वतःच बाजूला झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. भोंगा काढून माईकच्या पुढं आणला, तोंड माणसांकडं वळवलं. मागच्या भिंतीवर चार घोंगड्या टांगल्या, बटण निम्म्यावर घेतलं. शिट्टी गेली, एकेक अक्षर सुटं झालं. नाताळ झकास पार पडला. भजनं शाळेतल्या मास्तरीणबाईंनी सांगितली. लोक माझी पाठ थोपटत होते. रूथबाई मागं बायकांत बसल्या होत्या, तोंड मिटून. एक वाक्य बोललो असतो तर त्या पुन्हा पुढं आल्या असत्या. ते वाक्य मला पाठ होतं.

इथवर तुम्ही म्हणाल, गडी घाबरला, होतं असं. पण थांबा. इथं संपलं असतं तर मी बोललोही नसतो.

दोन महिन्यांनी बाजारच्या दिवशी रूथबाई माझ्या दुकानात आल्या. ज्येष्ठमध चघळून, हळदीचं पाणी पिऊन त्यांनी गळा जपला होता. म्हणाल्या, "मास्तर, एक बार मशीनीवर तपासून बघा की. सुधारला असंल आता. तुमी हो म्हटलं तरच उभी राहते."

मशीन समोरच होतं. बॅटरी भरलेली. लावलं असतं तर त्यांचा आवाज नितळ आला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं — म्हणूनच मी ते लावलं नाही. मी म्हणालो, "बाई, गळा एकदा फाटला की फाटला. वयाचं हाय ते."

त्या म्हणाल्या, "बरं झालं मास्तर, तुमी खरं सांगितलं. बाकीचे समदे मन राखायला गा-गा म्हणून राहिले."

त्यांनी हात जोडले. मीही जोडले. त्यानंतर रूथबाई मरेपर्यंत गायल्या नाहीत.