सुगंधाबाईची लाल गाडी

धनराज डेंटरले एका जाग्यावर बसता येत नाई. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत गॅरेजभर चकरा. बल्लारपुरात कोळशाच्या ट्रकचे फाटलेले डाले, म्हंजे मागचे पत्र्याचे हौदे, ठोकण्यात त्याची उमर गेली. मी बाजूले रंग मारतो, म्हनून त्याचा सगळा जाच माझ्याच डोक्यावर.

अशा मानसाच्या दारात सुगंधाबाईनं टेम्पोतून ती गाडी उतरवली. दोन सीटची, बिनटपाची, जमिनीले टेकलेली जुनी विलायती स्पोर्ट्स कार. बाईच्या नवऱ्यानं कोन्या खाणीच्या साहेबाकडून घेतलेली. नवरा होता तवरी त्यानं बाईले स्टेअरिंगले हात लावू देला नाई. तो गेल्यावर बाई भाच्याच्या गाडीवर चालवणं शिकली, पन तवरी गुडघे गेले. म्हने, गाडी होती तशी चमकली पाहिजे, अन् कोनाचा हात न धरता मले बसता-उतरता आलं पाहिजे.

झालं, धनराजच्या चकरा वाढल्या. इंजिन आमच्या मिस्त्रीनं जिवंत केलं. पाय सरळ आत जावा म्हनून धनराजनं दार लांब केलं, सीट उंच केली. पन हात ट्रकवाल्याचा! दाराले पत्रा लावला तो डाल्याचा, जाडजूड. मी म्हनलं, अरे बापा, बाई काय कोळसा वाहणार हाय? तो म्हने, मजबूत पाहिजे. मी गुमान लाल रंग आरशावानी काढून देला.

बाई आली, बसली, दार लावलं. वजनानं दार बिजागरीवरून लोंबलं अन् खाली अडकलं. बाईच्यानं आतून ढकलल्या जाईना. शेवटी भाच्यानं, प्रणितनं, तिले लेकरावानी उचलून बाहेर काढलं. सगळं गॅरेज पाहून राह्यलं होतं. बाईनं लुगडं नीट केलं.

"हेच नको होतं ना मले, धनराज," एवढंच बोलली.

त्याच्या काळजाले लागलं ते. त्याच घडीले त्यानं दार कापलं, माझ्या रंगासकट. असा राग आला मले! मंग पातळ पत्रा घेतला, रेतीच्या थैलीवर हळूहळू ठोकून वाकवला. धनराज अन् हळूहळू! मंग बाईवानी गुडघे वाकू नये म्हनून पठ्ठ्यानं आपल्या दोन्ही गुडघ्यांले बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या अन् गाडीत बसून-उतरून पाहू लागला. पडे, शिव्या दे, पुन्हा बसे. रस्त्यावरचे लोक हसून राह्यले होते, मीही हसलो. पन त्यातूनच त्याले उमजलं. सीट दाराकडं फिरती केली, अन् ट्रकच्या केबिनीत चढाले असते तसा एक दांडा समोरच्या काचेच्या फ्रेमले बसवला.

बाई पुन्हा आली. प्रणित बाजूच्या सीटवर बसाले गेला तं त्याले उतर म्हनलं, अन् एकटीच राजुऱ्याच्या रस्त्यानं निघून गेली. धनराजनं चकरा मारून माझं डोकं फिरवलं. मलेही काई सुचत नव्हतं.

आली. केस सुटलेले, तोंडावर धूळ. सीट फिरवली, पाय खाली टेकवले, दांडा धरून उठली अन् धपकन मागं बसली. धनराज धावला.

"थांब तिथीच," बाई बोलली.

तो थांबला. बाई पुन्हा उठली, पुन्हा बसली. प्रणितनं तोंड फिरवलं, माझ्यानं पाहवेना. लय वेळानं ती दांडा सोडून आपल्या पायावर उभी झाली. तवरी धनराज जाग्यावरून हलला नाई. तोंडातला खर्राही त्यानं चघळला नाई.