पाडव्याला घेतलेला कॅमेरा

"दादा, मला एक कॅमेरा घ्यायचाय," तुमची आत्याआजी एका दुपारी आमटी वाढून घेता घेता म्हणाली. आजोबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जणू मीच तिला काही शिकवून ठेवलं होतं.

"फोन आहे की," ते म्हणाले.

"फोनमध्ये लांबचं दिसत नाही."

"तुला जवळचं तरी कुठे दिसतंय?"

आजोबा हे थट्टेने बोलले, पण बोलल्यावर त्यांचाच घास हातात राहिला. आत्याआजीने मात्र शांतपणे लोणच्याची बरणी पुढे ओढली आणि म्हणाली, "म्हणूनच."

आत्याआजी ही आजोबांची धाकटी बहीण. व्हिडिओ कॉलवर ती मागे बसून हात हलवते आणि तुमची पाळी संपायच्या आत उठून जाते, म्हणून तुम्हाला तिची नीट ओळख नाही. ती कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत असे. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर ती आमच्याकडे नेरूळला राहायला आली. मी तिला वन्सं म्हणते, ती मला वहिनी. डब्यांना लेबलं लावावीत की नाही, यावरून आमचे वाद होतात. मी लावते. ती म्हणते, वास घेतला की कळतं. पण ज्याचं मन इतकं नेमकं चालतं असं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही, आणि हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही.

मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं नीट झाली होती. तरी गेल्या वर्षी तिला दाराची चौकट मध्येच वाकलेली दिसू लागली. उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होतो आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. इंजेक्शनं घेतली तर वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. डाव्या डोळ्यातही सुरुवात आहे. अजून किती काळ नीट दिसेल, हे डॉक्टर सांगू शकले नाहीत आणि तिने विचारलंही नाही. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, "वहिनी, मी आयुष्यभर प्राणी जवळून पाहिले, पण ते बाटलीतले. एकदा जिवंत बघायचाय. इतका जवळून, की डोळा दिसला पाहिजे."

कोणता प्राणी, ते विचारावं लागलं नाही. आमच्याकडे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत खाडीवर फ्लेमिंगो येतात. फिरायला गेलं की चिखलापलीकडे गुलाबी रेघ दिसते. आमच्या सोसायटीतले सगळे त्या रेघेचे फोनवर फोटो काढतात आणि एकमेकांना पाठवतात. प्रत्येकाकडे तीच रेघ.

दुर्बीण का नको, असं मीही विचारलं. शेजाऱ्यांची दुर्बीण आणून पाहिली होती. दोन डोळ्यांनी पाहायचं म्हटलं की उजव्या डोळ्यातला डाग मध्ये येतो, आणि नीट जुळवेपर्यंत पक्षी मान फिरवतो. कॅमेऱ्यातून एकाच, म्हणजे डाव्या डोळ्याने पाहता येतं. शिवाय त्यातलं चित्र घरी आणून टीव्हीवर हवं तेवढं मोठं करता येतं. तिने हा सगळा विचार आमच्याआधीच करून ठेवला होता.

रविवारी तुमच्या बाबाला फोन लावला. त्याने दोन दिवस वाचन करून ठेवलं होतं, अगदी माझा मुलगा शोभावा असं.

"आत्या, सरळ एंट्री लेव्हलचा डीएसएलआर घे. चित्र टिपणारा सेन्सर मोठा असतो. पुढे वाटलं तर लेन्स बदलता येते."

"माझ्या दोन्ही लेन्स बदलून झाल्यात. आता पुरे."

"आत्या, सीरियसली. तू म्हणतेस त्या ब्रिज कॅमेऱ्यात झूम प्रचंड असतो, पण सेन्सर नखाएवढा. अंधारात फोटो रवाळ येतात."

"पक्षी अंधारात बघायला कोण जातंय?"

"आणि डीएसएलआर आयुष्यभर पुरतो."

"कुणाच्या?" आत्याआजीने विचारलं, आणि तुमचा बाबा इतका गोंधळला की तिलाच हसू आलं.

आजोबा डीएसएलआरच्या बाजूचे होते. तरुणपणी ऑफिसातल्या मित्राचा रोलवाला कॅमेरा त्यांनी गळ्यात घालून पाहिला होता. तेव्हापासून लेन्स निघाली तरच कॅमेरा, असं त्यांचं मत. मीही त्याच बाजूची होते. चांगली वस्तू एकदाच घ्यावी, हा माझा नियम. आत्याआजी घाई करत होती. आम्ही म्हटलं, आता पाडवा आलाच आहे, मुहूर्तावर घेऊ. मध्ये अमावास्या होती, तेव्हा तसंही कुणी काही घेतलं नसतं.

पाडव्याला गुढी उभारली, कडुलिंबाचं पान चावलं आणि वाशीला गेलो. दुकानात सगळा गाव लोटला होता. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही प्रकारचे कॅमेरे समोर ठेवले.

"आजी, हा डीएसएलआर, फोटो एकदम क्लिअर येतो. आणि हा ब्रिज. याची लेन्स फिक्स असते, पण लांबचं खूप जवळ येतं. आजकाल तर मिररलेस पण आहेत, दाखवू?"

"दोनच पुरे," आजोबा म्हणाले. "आधीच डोक्याला टेन्शन आहे."

मग आम्ही परीक्षा घेतली. आजोबांनी माझा फोटो काढला, मी आजोबांचा, एकदा या कॅमेऱ्याने, एकदा त्याने. डीएसएलआरमधला माझा चेहरा मी वाकून पुन्हा पाहिला. डोळ्यांखालची सुरकुती, कुंकवाची कडा, पातळाचा पोत, आणि मागचं दुकान मऊ, विरघळलेलं. दुसऱ्यात ट्यूबलाइटखाली माझ्या गालावर रवा सांडल्यासारखा दिसत होता. निकाल लागला होता. आजोबांनी पाकीट बाहेर काढलं.

"दादा," आत्याआजी म्हणाली, "मला तुम्हा दोघांचे फोटो नकोत. चाळीस वर्षं बघतेय तुम्हाला."

तिने ब्रिज कॅमेरा उचलला आणि त्या मुलीला विचारलं, "दारापर्यंत नेऊ का गं? तू धर पट्टा, पळून जायची नाही मी."

मुलगी हसली आणि खरंच पट्टा धरून तिच्याबरोबर गेली. आम्हीही मागोमाग. दारात उभी राहून आत्याआजीने डावा डोळा लावला आणि रस्त्यापलीकडच्या इमारतींवरून हळूहळू कॅमेरा फिरवला. त्यांच्यामागे, पार लांब एका ठिकाणी थांबली. लेन्स पुढे पुढे सरकत गेली.

"टॉवरवर घार बसलीय."

"ती अँटेना आहे," आजोबा म्हणाले.

"अँटेना पिसं साफ करत नाही, दादा."

त्यांनी पाहिलं. मग मी पाहिलं. घारच होती. चोचीने पंखाखालचं एकेक पीस ओढून सोडत होती, आणि वाऱ्याने तिच्या छातीवरची पिसं उलटी होत होती. नुसत्या डोळ्यांनी मला तिथे टॉवरसुद्धा जेमतेम दिसत होता. मग त्या मुलीने डीएसएलआरवर त्याच्याबरोबर मिळणारी लेन्स लावून तोच टॉवर टिपला. रंग सुंदर आले, आभाळ तर फारच सुंदर. घार म्हणजे एक ठिपका. तो मोठा केला तर मोठा ठिपका.

"याला टेली लेन्स वेगळी लागेल," मुलगी म्हणाली. "ती जड पण असते आजी."

डीएसएलआर वाईट होता असं मी म्हणणार नाही. घरात तान्हं बाळ असतं तर मी तोच घेतला असता. पण आम्ही शहाणी माणसं खाडीवरच्या कॅमेऱ्याची परीक्षा ट्यूबलाइटखाली, एकमेकांच्या तोंडावर घेत होतो. कॅमेरा म्हणजे घरच्यांचे फोटो, यापलीकडे आमची कल्पनाच जात नव्हती. आपल्याला काय पाहायचं आहे, हे आमच्यात एकटीलाच माहीत होतं, आणि नेमकी तिचीच दृष्टी अधू.

ब्रिज कॅमेरा घेतला. घरी आल्यावर त्याला हळदकुंकू वाहिलं. लेन्सवर कुंकू उडेल म्हणून आत्याआजीने वरून रुमाल धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या नेहमीच्या फिरायच्या वेळेला तिघं खाडीवर गेलो. माझं वेळापत्रक तुम्हाला माहीत आहे. त्यात मी कुणासाठी बदल करत नाही. पोहोचलो तर पाणी पार आत ओढलेलं. नजर जाईल तिथपर्यंत काळा, चमकता चिखल, आणि त्याच्या शेवटी ती रेघ. आत्याआजीने कठड्यावर कोपर टेकले. झूम पुरा लावला.

"दिसतंय का?" मी विचारलं.

"गुलाबी काहीतरी हलतंय."

मी कॅमेरा घेऊन माझ्या धडधाकट डोळ्याने पाहिलं. तिचा दोष नव्हता. चिखलावरची हवा थरथरत होती, आणि पक्षी म्हणजे पाण्यात पडलेल्या गुलाबी कागदाचे तुकडे. पाय कुठले, मान कुठली, कळत नव्हतं. डोळ्याची तर बातच सोडा.

"मी म्हणत होतो," आजोबांनी सुरुवात केली. मी त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा ते थांबले. आत्याआजीने लेन्सवर झाकण लावलं. परत येताना वाटेवरच्या दगडाला ठेचकाळली, आणि मी हात धरला तो तिने सोडवून घेतला नाही. त्या सकाळी मला पहिल्यांदा भीती वाटली, की हे राहूनच जाणार.

घरी आल्यावर चहासुद्धा न घेता ती भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहिली. बोटाने तारखा नाही, तारखांखालच्या तिथ्या चाचपत होती. जवळजवळ नाक लावून. ओठ हलत होते.

"काय शोधताय वन्सं?"

"आपण गाढव आहोत, वहिनी. दादासकट."

"मी काय केलं?" आतून आजोबा.

"तू खाडीकाठी जन्मलास आणि मला पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षी दाखवायला नेलंस! आप्पा काय शिकवायचे? तिथीची पाऊणपट."

आप्पा म्हणजे त्यांचे वडील. कोकणात त्यांच्या गावी होडीची वेळ घड्याळावर नसे. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. मी इंग्रजी शाळेत शिकले. पाढे मला ट्वेंटीपर्यंत येतात, पण पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे कुणी शिकवले नाहीत. तिने उभ्या उभ्या मला समजावलं. आज द्वितीया, म्हणजे भरती दीड वाजता, भर दुपारी; तेव्हा सकाळी आपण गेलो त्या वेळी खाडी रिकामीच असणार. पक्षी पाण्याच्या कडेने चरतात. पाणी लांब तर तेही लांब. पाणी काठाला येतं तेव्हा तेही काठाला ढकलले जातात.

"बारा पाऊण नऊ," ती म्हणाली. "द्वादशीला सकाळी भरती चढताना जायचं. ऊन आपल्या पाठीशी, पक्ष्यांच्या अंगावर."

म्हणजे पाडवा हा आमचा मुहूर्त होता, पक्ष्यांचा नव्हे. साडेतीन मुहूर्तांतला एक साधून आम्ही महिन्यातली सगळ्यात वाईट सकाळ निवडली होती.

आजोबांनी मोबाईलवर भरतीची वेळ काढली आणि विजयाने जाहीर केलं, "तुझा हिशेब थोडा चुकतोय. वीस मिनिटांनी."

"पक्षी हाताला घड्याळ बांधून येत नाहीत."

द्वादशीपर्यंत ती बाल्कनीत बसून सराव करत राहिली. पहिल्यांदाच पूर्ण झूम लावला की काहीच सापडत नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. आधी रुंद ठेवायचं, समोरच्या गच्चीवरचं कबुतर मधोमध आणायचं, मग श्वास धरून हळूहळू जवळ जायचं, कोपर बरगड्यांना चिकटवून. मधल्या एका दिवशी उजव्या डोळ्यातलं इंजेक्शन झालं. दुसऱ्या दिवशी डोळ्याला पाणी येत होतं, तरी डाव्या डोळ्याने सराव चालूच. समोरच्या इमारतीतल्या बाई मला लिफ्टमध्ये म्हणाल्या, "तुमच्या नणंदबाई आमच्या खिडकीकडे बघत असतात का हो?" मी सांगितलं, "तुमच्या कबुतरांकडे." त्यांचा विश्वास बसला नाही.

द्वादशीला माझं वेळापत्रक मोडून आम्ही उशिरा निघालो. लांबूनच आवाज आला, बदकांच्या कळपासारखी पुटपुट. पाणी चढत होतं आणि पक्षी त्याच्या पुढेपुढे काठाकडे सरकत होते, लांब पाय उचलत, डोकं उलटं करून चोच पाण्यात घालत. रेघेची आता हजार वेगळी अंगं झाली होती. कुणी फिकट, कुणी गडद, पंख उचलला की आतून लाल.

आत्याआजीने कोपर टेकले. आधी रुंद. मग थांबली. लेन्स सरकू लागली. मी तिच्या हातांकडे पाहत होते. ते जराही हलत नव्हते.

"वहिनी," ती अगदी हळू म्हणाली. "डोळा."

"कसा आहे?"

"लाल. नाही, केशरी. मध्ये काळी टिकली. पाण्याचा थेंब आहे पापणीवर." थोडं थांबून, "माझ्याकडे बघतोय असं वाटतं. कसला बघतोय! सगळं लक्ष चिखलात आहे मेल्याचं."

"फोटो काढ! अगं, फोटो!" आजोबा कुजबुजले, पण त्यांची कुजबूज म्हणजे घोषणाच.

"थांब रे दादा. बघू तर दे."

जवळून पळत जाणारा एक तरुण थांबला. "काकू, मिळाला का शॉट? झूम किती आहे?"

"पुरेल एवढा," आत्याआजी डोळा न काढता म्हणाली.

मग तिने बटण दाबायला सुरुवात केली, एकामागून एक. नंतर कॅमेरा माझ्याकडे दिला. मी पाहिलं. तो डोळा, त्याभोवतीची बारीक घडी, चोचीवरून ओघळणारं पाणी. आमच्या इतक्या वर्षांच्या फिरण्यात मी तो एकदाही पाहिला नव्हता आणि पाहावा असं मला सुचलंही नव्हतं. मी बघतच राहिले असावे, कारण माझ्या दंडाला तिचं बोट टोचलं.

"वहिनी, झालं असेल तर दे इकडे. पाणी चढतंय, अजून जवळ येतील."