उलटं झाड

कुणी काही ठासून सांगितलं की बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "तुम्ही स्वतः पाहिलंत?" पाहिलं नसेल तर समोर प्राचार्य असोत की शिपाई, त्याचं बोलणं तिथेच संपायचं. अशी माणसं आपल्याला आवडतात, पण लांबून.

महाडच्या आमच्या कॉलेजात त्या तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायच्या. पोलादपूरहून रोज एसटीने यायच्या. मी तत्त्वज्ञान शिकवतो. एकदा स्टाफरूममध्ये त्यांनी माझ्या हातातलं गाइड ओढून घेतलं. मी वाचत होतो तो भाग असा: तीन-चारशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच तत्त्ववेत्त्याने बैलाचा डोळा सोलून त्यात उमटणारी प्रतिमा पाहिली, तिचं चित्र छापलं आणि माणूस पाहतो म्हणजे काय करतो, हा प्रश्न मांडला. गाइडात प्रश्न होता, चित्र नव्हतं.

"चित्र गाळलं?" बाई संतापल्या. "ही माणसं चित्रं काढत काढत विचार करायची. चंद्रावर खड्डे आहेत हे जगाला चित्रानं पटलं, भाषणानं नाय." चिडल्या की त्यांच्या तोंडी गावची बोली यायची.

दुसऱ्या दिवशी त्या खाटकाकडून बकऱ्याचे डोळे घेऊन आल्या. आमचे दोन्ही वर्ग एकत्र बसवले. खिडक्यांना काळा कागद लावून एका भोकात डोळा बसवला. डोळ्याची मागची बाजू सोलून तिथे अंड्याच्या आतला पातळ पापुद्रा लावला होता. त्यावर बाहेरचं आवार उमटलं. नखाएवढं, रंगीत आणि उलटं.

बिरवाडीची एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, झाड उलटं हाय."

"मग उलटंच काढ. शहाणपणा करून सुलटं करू नकोस."

सगळ्यांनी जर्नलमध्ये उलटं झाड काढलं.

पुढे तपासणी समिती येणार म्हणून प्राचार्यांनी जर्नलं चाळली. "झाडं उलटी? समितीला काय वाटेल?" त्यांनी डोळ्याची छापील चित्रं आणवली आणि मुलांकडूनच त्या झाडांवर चिकटवून घेतली. डिंक लावताना बिरवाडीच्या त्या मुलीने मान वर केली नाही.

मी केबिनमध्ये जाऊन भांडलो. प्राचार्य म्हणाले, "सर, एवढं काय त्यात? चित्रच आहे ना."

तेवढ्यात बाई आत आल्या. "या जर्नलांवर तुम्हीच सही करा. मी करणार नाय."

जूनमध्ये त्यांना पुढच्या वर्षाची नेमणूक मिळाली नाही. कारण सांगितलं, विद्यार्थी कमी झाले. वर्ग तर भरलेला होता.

सामान न्यायला त्या आल्या, तेव्हा मी म्हणालो, "बाई, आता राग सोडा."

"का सोडू? मला काढलं त्याचं काय नाय. पोरीनं डोळ्यांनी पाहिलेलं तिच्याच हातानं झाकायला लावलं. हा राग मी सोडणार नाय."

मी स्टँडपर्यंत सोडायला गेलो. पोलादपूरच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या, मांडीवर स्वतःचा मायक्रोस्कोप घेऊन. कंडक्टर म्हणाला, "बाई, ते वर ठेवा."

"नाय," एवढंच त्या म्हणाल्या, आणि गाडी सुटली.