वर्षाच्या साठवणीचा माचा

माझ्या हातचं लाल तिखट वर्षभर रंग सोडत नाही. आमच्या घरात जे काही झालं, त्याला एवढं एकच कारण आहे.

पंचवटीत भाड्याच्या गाळ्यात मसाला कांडपाचं एक यंत्र टाकून मी धंदा सुरू केला. आज तीन यंत्रं आहेत. उन्हं तापायला लागली की थेट दिंडोरीहून बायका मिरच्यांची पोती घेऊन येतात आणि डोळे पुसत रांगेत बसतात. (मिरचीमुळे. माझ्या बोलण्यामुळे डोळे पुसणाऱ्या वेगळ्या.) मिरची नुसती मोडली की तिच्यात किती ओल आहे हे मी सांगते, आणि पहिल्या भावात मला माल विकणारा व्यापारी अजून जन्माला यायचा आहे.

आता माझी तक्रार. माझी सून मुग्धा दर रविवारी दुपारी तिच्या आईबरोबर गंगापूर रोडवरच्या एका कॅफेत माचा प्यायला जायची. माचा म्हणजे जपानी चहाच्या पानांची हिरवी पूड, दुधात घुसळून वर बर्फ घातलेली. आठवड्यातून एकच दिवस माझं कांडप बंद, त्याच दिवशी सुनेला सुट्टी, मुलगा नोकरीपायी बाहेरगावी, आणि त्या दिवशी आमच्या डायनिंग टेबलाशी मी आणि आमचे हे, असे दोघंच समोरासमोर. तीस वर्षांत जे बोलायचं ते आमचं बोलून झालेलं आहे.

एका रविवारी विहीणबाईंची दाढ ठणकत होती, म्हणून बदली खेळाडू म्हणून मला नेण्यात आलं. गल्ल्यावर दाढीवाला मालक बसला होता. भाव ऐकून मी सवयीने विचारलं, "दोन घेतले तर?" तो म्हणाला रेट फिक्स आहे. हेही मी गिळलं असतं. पण त्याच्याकडच्या पुडीच्या डब्या पाहून मी म्हटलं की घरीच करू की मग, तर तो माझ्याकडे बघून हसला.

"काकू, घरी नाही जमत. ही पावडर फार जपावी लागते."

पावडर जपावी लागते. हे तो मला सांगत होता! अर्ध्या नाशिकची हळद, तिखट आणि काळा मसाला ज्या बाईच्या हातून गेला तिला! आणि यावर माझी सून फिस्सकन हसली. दाढीवाल्याला मी बाहेर पडल्या पडल्या विसरले असते. ते हसू मात्र रिक्षाने घरापर्यंत माझ्याबरोबर आलं.

दारात चप्पल काढायच्या आधी मी जाहीर केलं, की दोन आठवड्यांनी विहीणबाईंना आपल्याकडे बोलाव, माचा मी करणार.

"आणि आई, नाही जमला तर?" मुग्धाने विचारलं.

"तर रविवारबद्दल मी पुन्हा अवाक्षर काढणार नाही. जा खुशाल कॅफेत. पण जमला, तर दर रविवारी दोघी इथे बसायचं. माझ्यासमोर."

दुसऱ्याच दिवशी मी बाजारात एका व्यापाऱ्याला गाठलं. त्याने काजळाच्या डबीपेक्षा जेमतेम मोठी डबी काढली. म्हणाला, मावशी, घराला एवढी पुष्कळ होते, आणि उघडली की महिन्यात संपवा. आता विकणारा माणूस स्वतःहून 'कमी घ्या' म्हणतो, याचा अर्थ काय? जास्त मालावर भाव सोडावा लागेल याची त्याला भीती आहे! मी अर्धा किलो मागितला. तासभर आमचं चाललं. दोनदा मी उठून निघाले, एकदा तर पायरी उतरून रस्त्यावर आले, तेव्हा कुठे त्याने हाक मारली. वर घुसळायची बांबूची कुंचली मी फुकटात काढली. निघताना तो बिचारा म्हणत होता, की मावशी, फ्रिजमध्ये ठेवा. मी त्याला सांगितलं, टिकवायचं मला शिकवू नकोस.

घरी येऊन चंदेरी पिशवी फोडली. रंग पोपटी, सुरेख. पण नाक जवळ नेलं आणि माझं डोकं सटकलं. ओल्या गवताचा वास! ओला वास म्हणजे ओल, ओल म्हणजे वजन, आणि वजन म्हणजे मला पाणी विकलं. मी तडक जुनं पांढरं धोतर काढलं आणि सगळा माचा गच्चीवर पसरला. वाऱ्याने उडू नये म्हणून वर ओढणी. एप्रिलचं ऊन होतं, पापड नुसतं बघूनच वाळत होते.

आमचे हे पिशवी घेऊन वर आले. "अगं, याला ऊन लागू द्यायचं नाही असं लिहिलंय."

"पिशवीवर सगळं जपानीत लिहिलंय. तुम्हाला कधीपासून जपानी यायला लागलं?"

"चित्र आहे. सूर्य काढलाय आणि त्याच्यावर फुली मारलीय."

मी म्हटलं, ते पिशवी फोडायच्या आधीचं असतं. हे खाली गेले. (संसारात इतकी शांतता मिळायला नशीब लागतं.)

दोन कडक उन्हं दिली. पोपटी रंगाचा दुसऱ्या संध्याकाळी पोलिसांच्या गणवेशासारखा खाकी झाला. जरा चरकले, पण ओल गेली की रंग थोडा बसायचाच, अशी मी माझी समजूत घातली. मग पूड वस्त्रगाळ केली, चिनी मातीची बरणी धुऊन पुसून घेतली, थरावर थर दाबून भरली, मधे मधे हिंगाचे खडे खोचले, तोंडाला दादरा बांधला आणि बरणी फडताळात वरच्या फळीवर ठेवली. झालं. आता वर्षभर किड्याची हिंमत नव्हती.

ठरलेल्या रविवारी विहीणबाई आल्या. "आम्ही कॅफेतच गेलो असतो हो. तुम्हाला उगाच त्रास," असं इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, की मी सरळ पातेलंच घेतलं. ती बांबूची कुंचली चार माणसांच्या माचाला कुठे पुरणार? मी ताकाची रवी लावली. फेस असा आला, की दाढीवाल्याने बघायला हवा होता. उंच ग्लास, थंडगार दूध, बर्फ. आधी चाखून का पाहिलं नाही, असं मला नंतर सगळ्यांनी विचारलं. कांडपावर तिखट कोणी चाखून बघतं का?

विहीणबाईंनी घोट घेतला. बराच वेळ तो तोंडातच ठेवला. मग गिळला आणि अत्यंत सभ्यपणे विचारलं, "यात जिरंही आहे का?"

मुग्धाने घोट घेतला. "आई, हे कढीसारखं लागतंय."

मी घेतला. कढी फार बरी. थंडगार, दुधाळ, कडवट आणि नाकात झणझणणारा हिंग!

माझ्या अंगाचा भडका उडाला. ओल विकली ती विकली, वर हिंगाची भेसळ! मी तिथेच व्यापाऱ्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, म्हणजे विहीणबाईंनाही कळावं, की आम्हाला फसवणारा सुटत नाही. त्याची नीट हजेरी घेतली. माल परत घे म्हटलं, दुकानासमोर येऊन बसेन म्हटलं, बाजारात तोंड दाखवू देणार नाही म्हटलं.

मग तो शांतपणे म्हणाला, "मावशी, चांगला हिंग आज काय भावाने आहे, तुम्हीच सांगा. ज्या भावात तुम्ही माझ्याकडून माचा नेलात, त्या भावात मला हिंग मिसळायला परवडेल का?"

हिशेब चोख होता. तेवढ्यात आमच्या ह्यांनी फडताळातली बरणी काढली, दादरा सोडला, आणि हिंगाचे खडे एकेक करून बशीत टेबलावर मांडले. पाच होते. देवाशपथ सांगते, मला आठवतच नव्हतं. बरणी भरली की हात हिंगाकडे जातोच. आपण श्वास घेतला, हे कोणी लक्षात ठेवतं का?

आधी विहीणबाई हसल्या. दुखरी दाढ धरून हसल्या. मुग्धा तर खुर्चीतून घसरून जमिनीवर बसली, आणि स्पीकरवरून व्यापारीही हसत होता, कारण फोन बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. मग मी चहा टाकला, विहीणबाईंनी कांदे चिरले, भजी झाली, आणि दिवेलागण झाली तरी कोणी उठेना.

पैज मी हरले. रविवारबद्दल मी खरंच अवाक्षर काढलं नाही. तरी पुढच्या रविवारी बेल वाजली, तर दारात विहीणबाई. तिघांचा माचा कॅफेतून पार्सल घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, तिकडे काही हसू येत नाही हो. तेव्हापासून दर रविवारी बैठक माझ्याच टेबलाशी असते. मुग्धा, विहीणबाई आणि आमचे हे त्या दाढीवाल्याच्या हातचा हिरवागार माचा पितात.

मी माझा पिते. टाकून देणं माझ्या स्वभावात नाही. रोज सकाळी एक चमचा घेते, पण बरणी अजून गळ्यापर्यंत भरलेली आहे. आणि खराब होईल अशी आशाही नाही, कारण साठवण माझ्या हातची आहे!