धुळ्याच्या टेपरेकॉर्डरवरची किरवाणी

दोघांनी मोकळ्या तारा छेडल्या आणि मी हात वर करून थांबवलं. दोन्ही गिटारी आपापल्या जागी सुरेल होत्या, पण एकमेकींपासून अख्खा एक सूर लांब. सकाळचे अकरा वाजले होते. कार्यक्रम संध्याकाळी सहाला.

"सिस्टर, तुमची गिटार उतरलीय. एसटीत धक्के बसले असतील."

"नाही मॅडम. कॅसेटबरहुकूम लावलीय. निघताना परत ताडून पाहिली."

शैला सिस्टर नुकत्याच धुळ्याहून आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी विचारलं होतं, "नाना नाही आले?" मी म्हटलं, "आधी तारा जुळवा." कोण नाना, हे विचारायला मला वेळ नव्हता. तिथेच विचारायला हवं होतं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी जळगावला एका संगीत विद्यालयात हवाईयन गिटार शिकवत होते. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात. डाव्या हातात लोखंडाची कांडी असते, तिला आम्ही स्टील म्हणतो. ती तारांवरून सरकवायची. केसभर पुढेमागे झाली की सूर गेला. दर रविवारी मी विद्यालयाच्या धुळे शाखेतही जात असे.

जानेवारीत सेक्रेटरी साहेबांनी बोलावलं. "मॅडम, तुमची मुलं वर्षानुवर्षं गाण्यांच्या धुनाच वाजवतात. यंदा गॅदरिंगला काही भारी दाखवा. नाहीतर जूनपासून गिटार बंद. त्या वेळात की-बोर्ड सुरू करू."

"धुळ्याचाही क्लास?"

"दोन्हीकडचा."

मग मी किरवाणी रागात दोन गिटारींची रचना बसवायला घेतली. आधी सवाल-जवाब, मग एक लांबलचक उतरती तान, मग दुप्पट लय आणि शेवटी तिहाई. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून बरोबर तालाच्या पहिल्या मात्रेवर, समेवर, येऊन थांबायचं. जळगावहून हेमराज घेतला. वय एकवीस, राहणार असोदा, घरची केळीची बाग. धुळ्याहून शैला सिस्टर. वय पंचेचाळीस, दवाखान्यात हेड नर्स. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. एकत्र बसवणार तोच मी जिन्यावरून पडले. घोटा मोडला, पायाला प्लास्टर, धुळं बंद.

त्यावर मी उपाय काढला कॅसेटचा. हेमराजने आपला भाग भरायचा. धुळ्याला रोज अपडाऊन करणारे एक मास्तर होते, ते कॅसेट नेत. सिस्टर त्याबरोबर सराव करून आपला भाग भरत आणि कॅसेट परत येई. वाजवून झालं की दोघं एकमेकांसाठी चार वाक्यं बोलत. ती मी ऐकत नसे. वाजवणं तेवढं तपासायची आणि सुरुवातीला माझ्या सूचना भरायची. एकदा सिस्टरांची चिठ्ठी आली, "मॅडम, घसा बसलाय तुमचा. मिठाच्या गुळण्या करा." माझ्या घशाला काही झालेलं नव्हतं. तरी दोन दिवस केल्या.

सिस्टरांना उतरती तान तीन आठवडे जमेना. हेमराजची तिहाई समेच्या आधीच संपायची. पण दर कॅसेटला दोघं थोडे पुढे सरकत होते. एप्रिलपर्यंत दोन्ही जागा स्वच्छ झाल्या. मी खूश होते.

आणि आता हे.

सिस्टरांनी आपला टेपरेकॉर्डर बरोबर आणला होता. मी हेमराजने भरलेली एक जुनी कॅसेट आधी आमच्या मशीनवर लावली. गिटार संपली, मग हेमराजचा आवाज आला. तीच कॅसेट सिस्टरांच्या मशीनवर लावली. गिटार एक सूर खाली, लयही मंद. आणि पाठोपाठ साठीतल्या माणसाचा जड, संथ आवाज: "घाबरू नको, बेटा. तान तोडून तोडून वाजव. आठ दिवसांत हात बसेल."

सिस्टरांनी हेमराजकडे पाहिलं. "आवं माय! हाऊ ते पोऱ्या शे! मी याला तीन महिने नाना म्हणतेय!"

हेमराज लालबुंद. "मले काय मालूम? मले वाटलं, शैला म्हणजे आठवीतली पोरगी. आवाज तसाच यायचा. मघापासून मी समजत होतो, ह्या तिच्या आई आहेत, पोरीची गिटार जुळवून देताय."

टेपरेकॉर्डरमध्ये मोटरपासून चाकापर्यंत एक रबरी बेल्ट असतो. तो ढिला झाला की टेप हळू फिरते, आवाज खाली येतो. सिस्टर त्या खालच्या सुराला गिटार लावून, त्याच मंद लयीत सराव करत होत्या. त्याच मशीनवर भरलेली कॅसेट आमच्या मशीनवर वेगाने फिरे आणि सगळं पुन्हा बरोबर ऐकू येई. चूक पकडायला कॅसेट पुरेशी नव्हती. मी कॅसेटच तपासत बसले होते.

सिस्टरांच्या जुन्या तारा वर चढवायच्या तर तुटण्याची भीती. मी हेमराजची गिटार खाली उतरवली. तबलजी बापू चिडले. "ऐन वेळी खालची पट्टी? आता घरी जाऊन मोठ्या तोंडाचा तबला आणू?"

"आणा. आणि लय सिस्टरांची धरा."

"हो, तुम्ही काय, सांगून मोकळ्या!" असं म्हणत ते सायकलवर गेले. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

सूर जुळले, पण वाजवणं बिघडलं. हेमराज सिस्टरांच्या तोंडाकडे बघत मागे मागे वाजवू लागला. सिस्टर तानेत चुकल्या.

"हेमराज, काय चुकलं सांग," मी म्हटलं.

"काही नाही, सिस्टर म्हणतील तसं."

"स्टील उशिरा उचललं ना मी? काल-परवापर्यंत तर बरा बोलायचास," सिस्टर म्हणाल्या.

"तेव्हा तुम्ही लहान होत्या."

तिहाई दोनदा फसली. सेक्रेटरी साहेब दारात आले. "मॅडम, तुमचा आयटम तिसरा आहे. काढू का यादीतून?"

"राहू द्या."

मी दोन्ही खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या. "आता कोणी कोणाला दिसत नाही. कॅसेट लावलीय असं समजा. हेमराज, कार्यक्रम होईपर्यंत तू नाना. ह्यांना अहो-जाहो करायचं नाही."

"मॅडम, कसं दिसेल ते?"

"दिसण्याचं मी बघते. तू ऐकण्याचं बघ."

मग पाठीमागून आवाज आला, "बेटा, तान परत घे. सुरुवातीला दाबू नको." सिस्टरांनी घेतली. चौथ्या वेळी बसली. मग त्यांनी ऐकवलं, "नाना, समेची इतकी घाई काय? एसटी चुकतेय का?" दुपारी तीनपर्यंत ते असेच एकमेकांना झापत, शाबासकी देत वाजवत राहिले.

संध्याकाळी स्टेजवरही मी त्यांना तसंच बसवलं. लोक कुजबुजले. सवाल-जवाब चांगले गेले. तान निघाली. दुप्पट लयीत मात्र सिस्टरांचं स्टील निसटून मांडीवर पडलं आणि त्या थांबल्या. हेमराज थांबला नाही. वाजवता वाजवता मान न वळवता म्हणाला, "घाबरू नको, बेटा. तिहाईला ये."

माईक चालू होता. हॉल हसला. सिस्टरही हसल्या, स्टील उचललं आणि तिहाईच्या पहिल्या तुकड्याला त्याच्या बरोबर आल्या. दुसरा तुकडा. तिसरा. सम दोघांनी एकदमच गाठली. बापूंनी तबल्यावरचा हात उचलून "वा" म्हटलं. सकाळपासूनचा त्यांचा हा पहिला बरा शब्द.

नंतर सेक्रेटरी साहेब विंगेत आले. "ते मध्ये थांबणं बसवलेलं होतं का?"

"नाही. चूक झाली."

"मग परत आल्या कशा?"

"सराव होता."

त्यांनी क्लास एक वर्षासाठी चालू ठेवला. जूनमध्ये धुळ्याला सात नवी नावं आली. त्यातल्या तिघी सिस्टरांच्या दवाखान्यातल्या नर्स.

आमच्या धंद्यातल्यांसाठी एवढंच सांगते. कॅसेटमध्ये हार्मोनियमचा सा भरून पाठवला तर उपयोग होत नाही. ढिल्या बेल्टवर तोही खाली येतो. विद्यार्थ्याच्या हातात ट्यूनिंग फोर्क द्यावा. आपटला की एकच ठरलेला सूर देणारा लोखंडी चिमटा असतो तो. बेल्ट लागत नाही, सेल लागत नाही. तेव्हापासून बाहेरगावच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी पहिल्याच दिवशी तो घ्यायला लावते.