भरावावरचं झाड

धरणावर सगळे त्याला गवत्या म्हणत. धरण मातीचं होतं, आणि त्याच्या उतारावर गवताशिवाय काहीही उगवू द्यायचं नाही, हे गवत्याचं काम. सव्वीस वर्षं तो तेच करत आला होता. झाडाचं मूळ भरावात शिरलं की पाणी त्याच्या कडेकडेनं बाहेर यायला बघतं. झाड मेलं तर आणखी वाईट, कारण मूळ आत कुजतं आणि त्याच्या जागी पोकळ नळी राहते. म्हणून रोप दोन पानांचं असतानाच उपटायचं. सकाळी खुरपं घेऊन तो पायथ्याच्या एका टोकाला सुरुवात करी आणि दुपार कलली की दुसऱ्या टोकाला निघे.

"तुझ्या डोक्यावरचे केस कसे काय राहिले रे?" व्हॉल्व्हवाला त्याला विचारी.

"वेळ मिळाला नाही," गवत्या सांगे.

राहायला पायथ्याशीच दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीला एक खिडकी, आणि खिडकीत काठोकाठ धरण. आकाश बघायचं तर वाकून मान वर करावी लागे. "सासू नाही म्हणून सुटले असं वाटलं होतं," बायको लग्नानंतर म्हणाली होती, "तर ही बघा, खिडकीत उभी."

पाच वर्षांपूर्वी बायकोच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. जीभ जड झाली, पण तिची धार गेली नाही. त्यानं तिची खाट खिडकीशी लावली. आता तिला वाकणं जमत नव्हतं, त्यामुळे आकाशही गेलं. उरलं ते गवत.

वर्षभरानं त्या गवतात, खिडकीच्या बरोबर समोर, एक रोप दिसलं. गवत्या खुरपं घेऊन गेला तेव्हा आतून तिची हाक आली.

"राहू द्या ना चार दिवस. त्याच्यावर काहीतरी येऊन बसतं."

चार दिवसांची चार वर्षं झाली. झाड कसलं होतं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. फुलं नाहीत, फळं नाहीत, नुसती पानं. पण त्यावर पाखरं येत, आणि त्यांची भांडणं ती त्याला रात्री जेवताना सांगे. त्याची सावली पायथ्याशी असलेल्या मैलाच्या दगडाला टेकली की नवरा घरी यायची वेळ झाली, हे तिला घड्याळ न बघता कळे. कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून तो झाडाचा शेंडा छाटत राही. वर वाढू दिलं नाही म्हणजे ते आत वाढत असेल, असं त्याच्या मनात येई आणि तो घाईनं दुसरं काहीतरी आठवायला लागे. दर महिन्याच्या अहवालात तो लिही: भरावावर झाडी नाही. त्याच्या सहीखाली आणखी तीन सह्या पडत. बघायला कोणी येत नसे.

उन्हाळ्यात उतारावरचं सगळं गवत पिवळं पडलं, तेव्हा झाडाच्या खाली हातभर रुंदीचा एक पट्टा हिरवाच राहिला. गवत्यानं तिथे टाच दाबली. टाचेभोवती पाणी जमलं.

त्यानं टाच उचलली, खळगा पुन्हा भरला. मग घरातून काचेचा पेला आणला, त्या पाण्यानं भरला आणि खिडकीत ठेवला. पाणी नितळ असेल तर तो धरणाचा घाम, मातीच्या प्रत्येक धरणाला येतो. गढूळ असेल तर पाण्याबरोबर आतली माती निघालेली असते. पाणी नितळ दिसत होतं. तो कामाला गेला.

दुपारी परतला तेव्हा बायको पेल्याकडेच बघत होती.

"तळाला बसलंय काहीतरी," ती म्हणाली.

त्यानं पेला उजेडात धरला. तळाशी नखाएवढा जाड, तपकिरी थर.

"पेल्यातलीच घाण असेल," तो म्हणाला.

"असेल. घासता तुम्हीच." तिनं नजर पेल्यावरून हलवली नाही. "खाली शहरात लेक नांदते हो आपली."

"मला माहीत नाही का?"

"मग बसलात कशाला?"

"सांगितलं तर नोकरी जाईल. घर जाईल. आणि झाड तर..."

"झाड मी मागितलं होतं. धरण कधी मागितलं नव्हतं. जा."

इंजिनिअर बाई त्याच्या लेकीच्याच वयाची होती. ती तासाभरात आली, चिखलात गुडघे टेकून तिनं पाणी बोटांत चोळून बघितलं, आणि मग झाडाच्या बुंध्याभोवती दोन्ही हातांची पकड घातली. बोटांना बोटं पोचली नाहीत.

"काका, हे कधी उगवलं?"

"चार वर्षं झाली."

तिनं वर त्याच्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. खिडकीत बायकोचा चेहरा होता.

"गवत उंच होतं, दिसलं नाही, असं लिहू का मी?" इंजिनिअर बाई हळूच म्हणाली.

हो म्हणायला एक शब्द पुरला असता. सव्वीस वर्षांत गवत कधी उंच झालं नव्हतं.

"दिसत होतं," गवत्या म्हणाला. "रोज दिसत होतं."

तलावाची पातळी दोन पुरुष उंचीइतकी खाली आणली. शहराला तीन दिवसांआड पाणी मिळू लागलं. झाड सकाळी दहा वाजता तोडलं. मग मुळांचा माग काढत उतार खणला. सर्वांत लांब मूळ दोन माणसांना धरून ओढावं लागलं. ते ओलं होतं, आणि जिवंत. त्याच्या वाटेत वाळू, खडी भरली, वर चिकणमाती ठेचून बसवली. गवत्याला भरावावर पाय ठेवायची बंदी झाली, महिनाअखेर खोल्या सोडायचा हुकूम आला.

"खाट दाराकडे वळवू?" त्यानं विचारलं. खिडकीत आता नुसती लाल, उघडी माती होती.

"नको. नीट भरलंय की नाही, कोण बघणार?"

उरलेले अठरा दिवस ती त्या मातीकडे बघत राहिली. संध्याकाळी तो आत आला की म्हणे, "कोरडं आहे." तो मान हलवी. एवढंच बोलणं होई.

मग ते लेकीकडे राहायला गेले. तिथल्या खिडकीसमोर शेजारच्या घराची भिंत होती. पाण्याच्या दिवशी तो बादली घेऊन रांगेत उभा राही.

"धरणावरची माणसं झोपा काढतात," पुढची बाई मागे वळून त्यालाच म्हणाली. "एक झाड दिसू नये? आंधळे होते का?"

"नव्हते," तो म्हणाला. तिला ते ऐकू गेलं नाही, नळ सुरू झाला होता.

घरी येऊन त्यानं बादलीतून एक पेला भरला आणि खिडकीत, बायकोच्या नजरेसमोर ठेवला. लेक प्यायला पाणी मागत होती. "थांब जरा," तिची आई म्हणाली. संध्याकाळपर्यंत दोघं त्या पेल्याकडे बघत बसली.